बारावी आर्ट्सनंतर चार वर्षांचं बीए-बीएड की आधी बीए मग बीएड?

नमस्कार ताई,

मी बारावी आर्ट्सला आहे, आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात. दहावीला ८४ टक्के होते तरी मी आर्ट्स घेतलं कारण मला इतिहास आणि मराठी मनापासून आवडतं आणि मला हायस्कूलची शिक्षिकाच व्हायचंय. आमच्या कॉलेजचे सर म्हणतात आता चार वर्षांचं बीए-बीएड एकत्र करता येतं, एक वर्ष वाचतं, त्याची एंट्रन्स दे. पप्पा म्हणतात आधी बीए तर कर मग बघू, मुलीला एवढ्या लांब कुठे पाठवायचं. मामा म्हणतो बीएला काय किंमत आहे, करायचंच तर एमपीएससी कर. माझी आतेबहीण बीए बीएड झालीय आणि एका इंग्लिश मीडियम शाळेत आठ हजारावर चार वर्षं शिकवतेय, तिला बघितलं की भीती वाटते. त्यात गावात एकजण सांगतोय की त्याच्या ओळखीत एक कॉलेज आहे, तिथे बीएडला हजर राहायची गरजच नाही, फक्त परीक्षेला जायचं. मी काय करू? आणि चार वर्षांच्या कोर्समध्ये गेले आणि मधेच वाटलं की शिकवणं आपलं काम नाही, तर?

– एक वाचक

अगं, तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा हे बरं वाटलं की ८४ टक्के असून तू आर्ट्स घेतलंस आणि त्याबद्दल पत्रात कुठेही कुणाची माफी मागितली नाहीस. तसंच राहू दे.

आता आधी त्या गावातल्या माणसाचा विषय संपवते म्हणजे बाकीचं नीट बोलता येईल. बीएडला हजर राहायची गरज नाही असं जो सांगतो त्याच्याकडे परत जाऊ नकोस, पप्पांनाही सांग पैसे देऊ नका म्हणून. एनसीटीई म्हणजे शिक्षक शिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था, तिच्या नियमात वर्गातल्या कामाला ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते. आणि नियम बाजूला ठेवला तरी तिथे तू पैसे देऊन नेमकी तीच गोष्ट गमावणार जिच्यासाठी बीएड करायचं, म्हणजे खऱ्या वर्गात उभं राहणं, मागे बसलेल्या कुणीतरी ते बघणं आणि तास संपल्यावर तुला सांगणं की पोरी तू वीस मिनिटं फळ्याशीच बोलत होतीस. पुढे शाळेत पन्नास-साठ पोरांसमोर उभी राहशील तेव्हा सर्टिफिकेट दप्तरात असेल आणि तुला एकटीला कळेल की आपल्याला यातलं काहीच येत नाही. हे मी अगदी कळकळीने सांगतेय कारण अशा मुली मी आमच्या शाळेत नोकरीला लागलेल्या बघितल्यात, हुशार मुली होत्या, पहिल्या सहा महिन्यांत रडकुंडीला यायच्या.

हं, आता मुख्य प्रश्न.

चार वर्षांचा जो कोर्स तुझे सर सांगतायत त्याला आयटीईपी म्हणतात, इंटिग्रेटेड टीचर एज्युकेशन प्रोग्रॅम. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात असं म्हटलंय की २०३० पर्यंत शिक्षक व्हायला किमान पात्रता चार वर्षांचं इंटिग्रेटेड बीएड असेल, त्यातून हा आला आणि २०२३-२४ पासून सुरू झाला. यात दोन मुख्य विषय एकदम चालतात, एक तुझा विषय म्हणजे इतिहास वगैरे आणि दुसरा शिक्षणशास्त्र. आठ सेमिस्टर. नेहमीच्या वाटेने गेलीस तर बीए तीन वर्षं आणि बीएड दोन वर्षं, पाच होतात (बीएड २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, त्याआधी एकाच वर्षाचं होतं, तुझ्या शाळेतल्या जुन्या बाईंनी एकाच वर्षात केलं असेल). म्हणजे सरांचं बरोबर आहे, एक वर्ष वाचतं. पण एक वर्ष वाचतं म्हणून हा कोर्स घेऊ नकोस, अठराव्या वर्षी एक वर्ष म्हणजे काही फार नाही.

घ्यायचा तर वेगळ्या कारणासाठी घे, ते कारण सांगते.

माझ्या शाळेत दरवर्षी बीएडच्या मुली इंटर्नशिपला यायच्या. एकदा एक मुलगी दहावीच्या वर्गावर इतिहासाचा तास घेत होती. पहिलाच धडा, इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, ज्यात व्हॉल्तेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको असे एकामागून एक येतात. तिचं पाठ टाचण बघण्यासारखं होतं, उद्दिष्टं, शैक्षणिक साधनं, फलक लेखन सगळं आखीव, नावांचे रंगीत तक्ते केलेले, आवाज छान. सगळं सुरळीत चाललेलं आणि एका पोराने विचारलं, मॅडम, दोन इतिहासकारांनी एकाच गोष्टीबद्दल वेगवेगळं लिहिलं तर खरं कुणाचं धरायचं. ती थबकली आणि म्हणाली, पुस्तकात जे दिलंय ते खरं. पोरगं बसलं खाली. बघ, त्या अख्ख्या धड्याचं सार त्या पोराच्या प्रश्नात होतं, साधनं तपासायची कशी, लिहिणारा कोण, कधी लिहितोय, कुणासाठी लिहितोय, आणि तो प्रश्न वर्गात येऊन तसाच परत गेला. तिला शिकवायचं तंत्र येत होतं पण बीएची तीन वर्षं तिने इतिहास गाइडमधून पास केलेला होता.

याच्या उलट पण बघितलंय, एमए झालेला मुलगा, वाचन दांडगं, मोडी वाचायचा, आणि आठवीच्या वर्गावर जाऊन चाळीस मिनिटं एका दमात बोलून आला, मागच्या तीन बाकांवर काय चाललंय याचा पत्ता नाही.

म्हणून सांगते, या दोन गोष्टी एकमेकींशिवाय चालत नाहीत आणि चांगल्या चार वर्षांच्या कोर्सचा खरा फायदा हाच की दोन्ही एकाच वेळी शिकायला मिळतात. सकाळी तू इतिहासाच्या तासाला शिलालेख साधन म्हणून कसा वाचायचा ते शिकतेस आणि त्याच आठवड्यात विचार करतेस की हे सातवीच्या मुलांना कसं सांगायचं, सातवीच्या पुस्तकात इतिहासाची साधने असा धडा आहेच. तीन अधिक दोनच्या वाटेत काय होतं तर बीए संपेपर्यंत शिकवण्याचा विचार नाही आणि बीएडला आल्यावर विषयाचं पुस्तक उघडायला वेळ नाही, मायक्रो टीचिंग, ब्रिज लेसन, सराव पाठ, निरीक्षण वह्या, असाइनमेंट यातच दोन वर्षं जातात. पण हे सगळं कोर्स चांगला चालत असेल तरच, हे विसरू नकोस. जिथे आर्ट्सच्या बाजूला इतिहासाचा एकच प्राध्यापक आहे आणि तोही तासिका तत्त्वावर, तिथे चार वर्षं घालवण्यापेक्षा चांगल्या कॉलेजात बीए केलेलं कधीही बरं.

आता माझं मत स्पष्ट सांगते म्हणजे तुला पुढचं वाचायला सोपं जाईल. तू एनसीईटी, म्हणजे या कोर्सची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, नक्की दे. त्यातून भोपाळची आरआयई (एनसीईआरटीची प्रादेशिक शिक्षण संस्था), किंवा एखादं केंद्रीय विद्यापीठ, किंवा जिथे इतिहासाचा विभाग भक्कम आहे असं जुनं सरकारी कॉलेज मिळालं तर जा. नाही मिळालं तर मिळेल त्या खासगी कॉलेजात इंटिग्रेटेडच्या नावाखाली जाऊ नकोस, सोलापूर किंवा पुण्यात चांगल्या कॉलेजात इतिहास घेऊन बीए कर आणि मग बीएड कर. दोन्ही वाटा हायस्कूलपर्यंत जातात.

भोपाळचं नाव मुद्दाम घेतलं. एनसीईआरटीच्या अशा प्रादेशिक संस्था आहेत, अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर या चार साठच्या दशकातल्या, आणि त्यातली भोपाळची आपल्या भागासाठी आहे म्हणजे मध्य प्रदेश, छत्तीसगड, गुजरात, महाराष्ट्र, गोवा. चार वर्षांचं एकत्र बीएड ही या संस्थांना नवी गोष्ट नाही, त्या पहिल्यापासून तेच करत आल्यात, त्यामुळे तिथे हा कोर्स कसा चालवायचा हे माहीत असलेली माणसं आहेत आणि कॅम्पसमध्येच त्यांची स्वतःची डेमॉन्स्ट्रेशन स्कूल आहे, म्हणजे सरावासाठी शाळा शोधत फिरायला नको. केंद्रीय विद्यालयाच्या जाहिरातीत टीजीटीच्या, म्हणजे सहावी ते दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या, पात्रतेत या संस्थांच्या चार वर्षांच्या पदवीचा वेगळा उल्लेख असतो, यावरून तिची किंमत कळेल.

आणि तू इतिहासवाली आहेस म्हणून सांगते, संस्था श्यामला हिल्सवर आहे, तिथेच इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे, सांची आणि भीमबेटका दोन्ही सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं एवढ्या अंतरावर. सांचीच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे, सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याने ते दान दिलं असा. सातकर्णी म्हणजे आपले सातवाहन, पैठणवाले! तिथल्या बाकीच्या दानलेखांत साध्या माणसांची नावं आहेत, गावोगावचे लोक, बायका, भिक्षुणी. पुस्तकात सातवाहन म्हटलं की राजांची यादी पाठ होते, इथे तुला दगडावर एका कारागिराचं नाव वाचायला मिळतं आणि उद्या तू वर्गात सांगशील की राजाच्या काळात राजाशिवाय कोण कोण होतं तेव्हा तुझ्याकडे बघितलेलं उदाहरण असेल. चार वर्षं तिथे राहून हे पायाखालून गेलं तर इतिहासाची शिक्षिका म्हणून तू आयुष्यभर त्यावर शिकवशील.

पप्पांना सांग की मुलींचं हॉस्टेल कॅम्पसमध्ये आहे आणि सोलापूर स्टेशनवरून कर्नाटक एक्सप्रेस थेट भोपाळला जाते, गाडी बदलायची नाही. सुरुवातीला त्यांनाच सोबत घेऊन जा, हॉस्टेल बघू दे, वॉर्डनशी बोलू दे. वडिलांची काळजी भांडून जात नाही, जागा डोळ्यांनी बघितल्यावर कमी होते.

दोन अडचणी पण आहेत त्या लपवत नाही. एक म्हणजे भाषा. तिथे इंग्रजी आणि हिंदीच कानावर पडणार, पहिलं सेमिस्टर जड जाईल, तेव्हा आत्तापासून एनसीईआरटीची अकरावी-बारावीची इतिहासाची पुस्तकं इंग्रजीतून वाचायला घे, रोज चार पानं, डिक्शनरी घेऊन. दुसरी म्हणजे मराठी. तुला मराठीही तेवढीच आवडते असं लिहिलंयस, तर बाहेरच्या राज्यात मराठी हा मुख्य विषय मिळेलच असं नाही, प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात कुठला विषय आहे ते बघून मगच पसंती भर.

एनसीईटीची परीक्षा एनटीए म्हणजे नॅशनल टेस्टिंग एजन्सी घेते, कॉम्प्युटरवर असते आणि तेरा भाषांमधून देता येते, त्यात मराठी आहे. आतापर्यंतचा पॅटर्न असा की दोन भाषा निवडायच्या, तीन विषय निवडायचे, शिवाय जनरल टेस्ट आणि टीचिंग अ‍ॅप्टिट्यूड, सगळे मिळून १६० प्रश्न सोडवायचे तीन तासात आणि चुकलं की गुण कापतात. तुला भाषा म्हणून मराठी आणि इंग्रजी, विषय इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र असं घेता येईल, पण आधी हे बघ की ज्या संस्थेला जायचंय ती त्या विषयाच्या सीटसाठी कुठले पेपर मागते, कारण पेपर चुकीचे निवडले तर मार्क असूनही तिथे नाव लागत नाही. फॉर्म बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच सुटू शकतो तेव्हा जानेवारीपासून साइट बघत राहा, निकालाची वाट बघत बसलीस तर राहून जाईल. आपल्या राज्याच्या सीईटी सेलची पण चार वर्षांच्या बीए-बीएडसाठी वेगळी सीईटी होत आलीय, तिचाही फॉर्म भर, मात्र एक सांभाळ. जुन्या पद्धतीचे इंटिग्रेटेड कोर्स आयटीईपीमध्ये वळवायचं एनसीटीईने ठरवलेलं आहे, त्यामुळे कुठल्याही कॉलेजात पैसे भरण्याआधी एनसीटीईच्या मान्यतेचं पत्र दाखवा म्हणायचं, कुठल्या वर्षासाठी आणि किती जागांसाठी आहे ते वाचायचं. ऑफिसमधला क्लार्क म्हणाला की मान्यता आहे हो मॅडम काळजी करू नका, तर तेवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही, कागद बघायचा.

विषय निवडण्यावर थोडं थांबते, कारण नोकरीच्या वेळी मुली इथेच अडकतात आणि कुणी आधी सांगत नाही. हायस्कूलला शिक्षक विषयावर भरला जातो. केंद्रीय विद्यालयात सोशल सायन्सचा टीजीटी व्हायचं असेल तर पदवीला इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यातले दोन विषय लागतात आणि त्यातला एक इतिहास किंवा भूगोल असायलाच हवा. म्हणजे तू इतिहास आणि मराठी अशी जोडी घेतलीस, जी तुझ्या आवडीची आहे, तर केव्हीचं ते दार बंद होतं. आपल्या राज्याच्या शाळेत दहावीला इतिहास-राज्यशास्त्र ४० मार्कांचं आणि भूगोल ४० मार्कांचं, आणि छोट्या शाळेत दोन्ही एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडतं, तिथेही इतिहासाबरोबर भूगोल किंवा राज्यशास्त्र असलेलं चांगलं. म्हणून मी म्हणेन इतिहास मेजर, राज्यशास्त्र किंवा भूगोल मायनर, आणि मराठी सोडायची नाही, जिथे जिथे भाषा म्हणून घेता येईल तिथे घ्यायची, वाचन चालू ठेवायचं. तीन अधिक दोनच्या वाटेने गेलीस तर बीएडला मेथड म्हणून, म्हणजे सरावाला शिकवायचा विषय म्हणून, इतिहासासोबत मराठी मागून बघ. आणि उलट तुला मनातून असं वाटत असेल की नाही, मला मराठीच शिकवायचीय, तर मग मराठी मेजर घे आणि बिनधास्त घे, नवोदय विद्यालयाच्या भरतीतही तिसऱ्या भाषेत मराठीच्या जागा असतात. पण हे ठरवून कर, कॉलेजच्या टाइमटेबलमध्ये काय बसलं म्हणून करू नकोस. आणि प्रत्येक सेमिस्टरच्या मार्कशीटवर तो विषय दिसतोय ना हे जपून ठेव.

आता तुझ्या आतेबहिणीबद्दल. तिची भीती खोटी नाही आणि मी तुला गोड बोलून फसवणार नाही. अनुदानित शाळेतली आणि जिल्हा परिषदेची भरती पवित्र पोर्टलवरून होते, त्यासाठी टेट म्हणजे अभियोग्यता परीक्षा द्यावी लागते, ती २०१७ च्या डिसेंबरात झाली आणि त्यानंतर थेट २०२३ च्या फेब्रुवारीत, मधली पाच वर्षं मुलं नुसती वाट बघत होती, वयं वाढत होती. त्यानंतर २०२५ मध्ये झाली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधन, माध्यमिकला ते २०२३ पासून १८,००० आहे, त्याआधी ८,००० होतं. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी. हे सगळं माहीत असूनच या वाटेला ये.

नावांचा घोळ होतो म्हणून सांगते, मराठीत दोन्हीला टेटच म्हणतात. एक टीईटी, म्हणजे पात्रता परीक्षा, ती पहिली ते आठवीसाठी लागते, पेपर एक पाचवीपर्यंतचा आणि पेपर दोन सहावी ते आठवीचा. दुसरी टीएआयटी, म्हणजे अभियोग्यता, २०० प्रश्न दोन तासात, तिच्या मार्कांवर पवित्रची मेरिट लागते. तू बीएड होणार म्हणजे पेपर दोन दे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिलाय की बीएडवर पहिली ते पाचवीला शिकवता येत नाही, तिथे डीएडच लागतं, म्हणून पेपर एकच्या मागे लागू नकोस. केंद्राची सीटीईटी पण दे, तिच्या पेपर दोनमध्ये १५० पैकी ६० मार्क सोशल सायन्सचे असतात, ते तुझंच मैदान आहे, आणि एकदा पास झालीस की ते सर्टिफिकेट आता आयुष्यभर चालतं.

केव्ही-नवोदयच्या टीजीटीला मूळ पगारच ४४,९०० पासून सुरू होतो, फक्त बदली भारतात कुठेही होऊ शकते. भोपाळला चार वर्षं राहून आलेल्या मुलीला ते जड जाणार नाही, हाही एक फायदाच. आणि ज्युनिअर कॉलेजचं दार उघडायचं असेल तर एमए लागतं, बीएडसोबत त्याच विषयातलं एमए पन्नास टक्क्यांच्या वर, तेव्हा एकूण सहा वर्षांचा हिशोब डोक्यात ठेव, चार अधिक दोन. तीन अधिक दोनने गेलीस तर एमए धरून सात. इथे ते वाचलेलं एक वर्ष खरं उपयोगी पडतं.

आतेबहिणीला मात्र माझं एक सांग, आठ हजारावर चार वर्षं झाली असतील तर पुढचं वर्ष त्याच शाळेत काढताना सोबत अभियोग्यतेचा अभ्यास सुरू कर म्हणावं, रोज दीड तास. चार वर्षांचा शिकवण्याचा हात तिच्याकडे आहे, परीक्षा सरावावर निघते. मोठी शाळा आहे, आज ना उद्या पगार वाढवतील या आशेवर राहू नये.

मामाला काय सांगायचं? चार वर्षांची बीए-बीएड ही पदवीच आहे, तिच्यावर एमपीएससी देता येते. आणि इतिहास-राज्यशास्त्र चार वर्षं मन लावून शिकलेली मुलगी त्या परीक्षेत कुणाच्या मागे नसते. पण तुला एमपीएससी करायचीय असं तुझ्या पत्रात एका ओळीतही नाही, तेव्हा मामाच्या समाधानासाठी करू नकोस. बीएला किंमत नाही असं जे लोक म्हणतात ते गाइडवर काढलेल्या बीएबद्दल बोलत असतात. तू पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मोडी शिकलीस, दफ्तरात एखादा खरा कागद लावून बघितलास, गावातल्या वीरगळावर काय कोरलंय ते शिक्षकांना विचारून समजून घेतलंस तर ते बीए वेगळं असतं, आणि त्या बीएची किंमत तुला तुझ्या वर्गात रोज मिळेल.

आता शेवटचा प्रश्न, मधेच वाटलं की शिकवणं जमत नाही तर. हा प्रश्न विचारलास ते फार चांगलं केलंस. चार वर्षांच्या कोर्सचा तोटा हाच आहे की अठराव्या वर्षी तू स्वतःला बांधून घेतेस, तीन अधिक दोनमध्ये बीए झाल्यावर थांबून विचार करायला जागा असते. मधे सोडलं तर हातात काय पडतं, बीएची पदवी मिळते का, क्रेडिट दुसरीकडे नेता येतात का, हे त्या त्या संस्थेला प्रवेशाआधी लेखी विचार, ईमेल करून, म्हणजे उत्तर तुझ्याकडे राहील.

पण त्याहून सोपं म्हणजे आत्ताच तपासून बघ. बारावीचा शेवटचा पेपर झाला की तुझ्या जुन्या शाळेत जा, हेडमास्तरांना भेट आणि म्हण मला सातवीचे किंवा आठवीचे थोडे तास द्या, बाई रजेवर असतील ते ऑफ तासच द्या. एप्रिलमध्ये शाळेला असं कुणी मिळालं तर हवंच असतं. पहिल्या तासाला सातवीचा साधनांचा धडा घे आणि आदल्या दिवशी पोरांना सांग की घरातला सगळ्यात जुना कागद घेऊन या, नाही देत घरचे तर बघून या आणि त्यावर काय लिहिलंय ते वहीत उतरवून आणा. कुणी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणेल, कुणी जुना सातबारा, कुणी लग्नपत्रिका, कुणी विटकं रेशनकार्ड. मग त्यांना विचार हा कागद कुणी लिहिला, का लिहिला, यात काय खरं असेल, काय लिहायचं राहिलं असेल, यात घरातल्या बायकांची नावं आहेत का. आणि बघ वर्गात काय होतं ते.

एक तास फसला म्हणून काही ठरवू नकोस, पहिला तास सगळ्यांचा फसतो, आवाज बसतो, पोरं ऐकत नाहीत, तास संपायच्या दहा मिनिटं आधीच आपलं बोलायचं संपतं. आठवडाभर घेऊन बघ. घरी आल्यावर तू काय विचार करतेस त्याकडे लक्ष दे. उद्या हे असं न सांगता तसं सांगू, त्या मागच्या बाकावरच्या पोराला पुढे बोलावून बघू, असं डोक्यात चालू राहिलं तर चार वर्षांचा कोर्स खुशाल घे. आणि रोज सकाळी नको वाटायला लागलं, पण इतिहास वाचावासा मात्र वाटत राहिला, तर बीए कर, एमए कर, अभिलेखागार आहे, संग्रहालय आहे, संशोधन आहे, इतिहासाला शाळेशिवाय पण जागा आहेत. यातलं काहीही निघालं तरी तुला मेमध्येच कळलेलं असेल, प्रवेश नक्की करायच्या आधी.

फॉर्म मात्र दोन्हीकडचे भरून ठेव, एनसीईटीचा पण आणि बीएच्या प्रवेशाचा पण, जातीचा दाखला आणि नॉन क्रीमिलेअर लागत असेल तर पप्पांना आत्ताच तहसीलला पाठव, मे-जूनमध्ये तिथे रांग असते. संस्थांची यादी आणि विषय बघून झाल्यावर पसंतीक्रम कसा लावायचा यात अडलीस तर परत लिही, यादी सोबत पाठव, मी बघून सांगते.